आधी पाण्याची वाट शोधा

सप्टेंबर लागला की पावसाचा जोर ओसरतो आणि घराघरांत भिंतींकडे लक्ष जातं. कपाट जरा पुढे ओढलं की मागे काळी बुरशी दिसते. खोलीच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेले असतात, खिडकीखाली लोणा लागलेला असतो, बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावला तर ती गार लागते. दसरा-दिवाळी तोंडावर आलेली असते, म्हणून ओळखीच्या रंगाऱ्याला फोन जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर ‘डॅम्पप्रूफ’ रंगाचे दोन हात देतो. दिवाळीला भिंत देखणी दिसते. पुढच्या जुलैत डाग त्याच जागी पुन्हा उमटतो आणि या वेळी जरा मोठा असतो.

ठाण्यात राहून हे चक्र मी कित्येक घरांत पाहिलं आहे आणि त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. गळतीच्या दुरुस्तीत सगळ्यात मोलाचं काम असतं ते पाणी कुठून येतंय हे शोधण्याचं. आणि नेमके त्याच कामाचे पैसे मोजायला आपण तयार नसतो. हाड दुखावलं तर एक्स-रे काढल्याशिवाय आपण प्लास्टर घालून घेत नाही. भिंतीला मात्र थेट प्लास्टर करतो.

डाग दिसतो तिथूनच पाणी शिरलेलं असतं असं नाही. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी उताराच्या दिशेने, सळईच्या कडेने किंवा विजेच्या तारांसाठी टाकलेल्या पाइपातून सरकत जातं आणि भलत्याच खोलीत, पंख्याच्या हुकाजवळ ठिबकतं. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात विटांचे तुकडे भरून वर लाद्या बसवतात. लाद्यांच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या जोडातून झिरपलेलं पाणी त्या भरावात महिनोन्‌महिने साठून राहतं. वरची बाथरूम कोरडी ठणठणीत दिसते आणि खालच्या घराचं छत ओलं असतं.

म्हणून जाणकार माणूस आल्या आल्या भिंत ठोकत नाही, प्रश्न विचारतो. ओल फक्त पावसाळ्यात येते की उन्हाळ्यातही? फक्त पावसात येत असेल तर संशय गच्चीवर, बाहेरच्या भिंतीतल्या भेगांवर, छज्ज्यावर, खिडकीच्या चौकटीवर, एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकावर. बारा महिने असेल तर बाथरूम, सिंक किंवा सांडपाण्याची लाइन. घरातले सगळे नळ बंद असतानाही पाण्याचा मीटर फिरतोय का? फिरत असेल तर येणाऱ्या पाण्याच्या लाइनमध्येच कुठेतरी गळती आहे. तळमजल्यावर ओलीचा पट्टा जमिनीपासून वर चढत गेला असेल तर भिंत जोत्यातून पाणी ओढते आहे. एवढ्या विचारपुशीतच निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं चाचण्यांनी होतं. ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये रंगीत पाणी भरून ठेवतात आणि खाली रंग उतरतो का ते पाहतात. पाइप बंद करून त्यात दाब देतात आणि दाब टिकतो का ते बघतात. ओल मोजायचं मीटर भिंतीला लावतात. हल्ली थर्मल कॅमेराही आणतात. त्यावरच्या निळ्या-तांबड्या चित्राने माणूस लगेच भारावतो, पण तो कॅमेरा पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. गार दिसणारा भाग खरंच ओला आहे का, हे मीटरने किंवा रंगीत पाण्याने ताडून पाहावंच लागतं.

आमच्याच इमारतीतलं उदाहरण सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्वयंपाकघराचं छत ओलं झालं. वरच्या वहिनींनी नुकतीच बाथरूम नवी केली होती. “आम्ही एवढा खर्च केलाय, आमच्याकडून गळेलच कसं?” असं त्या म्हणायच्या. “मग माझ्या छतावर पाणी काय आभाळातून पडतं का, वहिनी?” असं काका म्हणायचे. जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं मान वळवायला लागले. आलेल्या ठेकेदारांनी पाहिलं न पाहिलंसं करून वरची बाथरूम पूर्ण फोडायला सांगितली. शेवटी सोसायटीने फी देऊन बाहेरचा इंजिनिअर बोलावला. वरच्या बाथरूममध्ये भरलेल्या रंगीत पाण्याचा एक थेंबही खाली उतरला नाही. मग डक्ट तपासला तेव्हा कळलं, की वरच्या मजल्यांवरून येणाऱ्या सामाईक पाइपचा जोड निसटला होता आणि सांडपाणी भिंतीतून आत मुरत होतं. नवी बाथरूम वाचली, दुरुस्ती पाइपच्या एका तुकड्यावर भागली आणि खर्च कुणाचा याचाही निकाल लागला.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांत ही वाटणी स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याने बाहेरून होणारी गळती, सामाईक पाइप व ड्रेनेज लाइनची गळती आणि गच्चीतून पाणी उतरून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान, यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. संडास, बाथरूम, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च त्या त्या सदनिकाधारकाने करायचा. थोडक्यात, पाणी कुठून येतं यावर पैसे कुणी द्यायचे ते ठरतं. ते कुठून येतं हेच ठरलेलं नसेल तर नियम असूनही भांडण मिटत नाही. तटस्थ माणसाचा लेखी अहवाल हातात असला की वरच्या आणि खालच्या घराला एकमेकांवर आरोप करत बसावं लागत नाही. शेजार टिकवायचा असेल तर अहवालाची फी महाग नाही.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी तर हा अहवाल आणखी कामाचा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष किंवा कामाच्या दर्जातली उणीव बिल्डरच्या नजरेस आणून दिली, तर त्याने ती तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची असते. अनेक नवी कुटुंबं घरात पाणी येऊ लागलं की खिशातले पैसे घालून मोकळी होतात. त्यांनी आधी फोटो काढावेत, तारखेसह लेखी कळवावं, आणि दोष कामाचाच आहे हे इंजिनिअरकडून लिहून घ्यावं.

मग बोलवायचं कुणाला? नळाचा किंवा ट्रॅपचा जोड गळतोय हे डोळ्यांना दिसत असेल तर अनुभवी प्लंबर पुरतो, उगाच मोठा घाट घालू नये. पण छताचं प्लास्टर पडून सळ्या उघड्या पडल्या असतील, कॉलम-बीमला उभ्या भेगा गेल्या असतील, किंवा बाहेरच्या भिंतीतून पिंपळाचं रोप वर आलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवावं. यात दिरंगाई परवडत नाही. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान मूळच्या कित्येक पट होतं आणि तो गंजच आतून काँक्रीट फोडतो. भेग वाढली की आणखी पाणी शिरतं, आणखी गंज चढतो. समुद्रकाठच्या गावा-शहरांत खाऱ्या हवेने हे सारं आणखी वेगाने होतं. अशा छतावर नुसती पुट्टी फिरवणं म्हणजे आजार झाकणं, आणि खाली झोपणाऱ्यांच्या जिवाशी खेळणं.

आणि शक्यतो तपासणारा वेगळा असावा, दुरुस्ती करणारा वेगळा. फुकट पाहणी करणाऱ्या ठेकेदाराला त्या पाहणीचे पैसे कामातूनच काढायचे असतात. तो अप्रामाणिकच असतो असं नाही. पण ज्याच्याकडे इंजेक्शन ग्राउटिंगचं यंत्र आहे त्याला प्रत्येक गळतीवर ग्राउटिंग सुचतं आणि ज्याची माणसं कोबा करण्यात तरबेज आहेत त्याला कोबा सुचतो. इंजिनिअरने आधी काय, कुठे आणि किती करायचं ते लिहून दिलं, की मग त्याच यादीवर तीन-चार जणांकडून कोटेशन मागवता येतात. त्याशिवाय आलेल्या दरांची तुलनाच होत नाही, कारण प्रत्येकाने वेगळंच काम मनात धरलेलं असतं.

गच्चीचं उदाहरण घ्या. जुना कोबा गळतो म्हणून त्याच्यावरच नवा कोबा ओतायचा, हे स्वस्त आणि सोपं वाटतं. पण चार इंच वीटकोब्याचं वजन चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भरतं. माणसं आणि सामानसुमान मिळून घराच्या खोलीवर जेवढा भार येईल असं इंजिनिअर हिशेबात धरतात, तोही साधारण तेवढाच. म्हातारपणाकडे झुकलेल्या स्लॅबवर असा एकेक थर चढवत जाणं धोक्याचं आहे. जुना कोबा काढून, स्लॅबच्या भेगा भरून, पाणी वाहून जाईल असा ढाळ देऊन नवा थर घालायला खर्च जास्त येतो, पण काम तेच खरं.

काम ठरवताना सगळं कागदावर हवं. कुठली जागा, किती चौरस फूट, कोणतं मटेरियल, किती थर, जुना मलबा कोण हलवणार. गच्ची असो की बाथरूम, लाद्या बसवण्याआधी पाणी भरून किमान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवायचं आणि खालून पाहणी झाल्यावरच पुढचं काम, ही अट लिहूनच घ्यावी. लाद्या बसल्यावर आतलं काही दिसत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता पुढचा पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा. चांगलं काम करणारा ठेकेदार याला नाही म्हणत नाही. ‘दहा वर्षांची गॅरंटी’ तोंडी असेल तर तिला अर्थ नाही. गॅरंटी कशाची, कोण देतंय, तक्रार आल्यावर किती दिवसांत येणार, हे लेटरहेडवर असावं. बिल न घेता दोन पैसे वाचवायचा मोह टाळावा, कारण उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर ते बिलच आपला पुरावा असतं.

याच कागदावर आणखी एक ओळ मी आग्रहाने घालायला सांगते. बाहेरचे पाइप बदलायला आणि भेगा भरायला जी मुलं दोराला लटकून सातव्या-आठव्या मजल्यावर काम करतात, त्यांच्यासाठी सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, धड परांची आणि विमा हवाच. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये हाच खर्च बहुधा कापलेला असतो. आपली भिंत कोरडी व्हावी म्हणून कुणाचा जीव टांगणीला लागता कामा नये.

राहिला प्रश्न वेळेचा. पाणी कुठून येतं हे शोधायला पावसाची अखेर उत्तम, कारण खुणा ताज्या असतात. दुरुस्तीला मात्र भिंत सुकलेली लागते, म्हणजे दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ. नवं प्लास्टर केलं तर त्यावर पाणी मारायला आणि मग ते पुरतं सुकायला महिनाभर तरी द्यायला हवा. त्याआधी रंग लावला तर आतली ओल तोच रंग फुगवते. सणासाठी घाई करण्यापेक्षा या दिवाळीला एक भिंत तशीच राहिली तरी चालेल.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात आणि त्यांची नोटीस चौदा दिवस आधी काढावी लागते. म्हणजे हेच ते दिवस. आज घरातल्या प्रत्येक डागाचा तारखेसह फोटो काढा, सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, आणि विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला लावा: इमारतीच्या गळतीची तपासणी करण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमणे व त्याची फी मंजूर करणे. रंगकामाचा विषय अहवाल आल्यावर घ्या.