पायडलला बांधलेले पाय



मन्सूर खान यांचा ‘जो जीता वही सिकंदर’ हा १९९२ सालचा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डेहराडूनमधील श्रीमंतांचे महाविद्यालय, गावातील साध्या घरांतील मुले आणि या दोहोंमधील वैराचा निकाल लावणारी सायकल शर्यत, हा त्याचा सांगाडा. याच्याशी लक्षणीय साम्य असणारा एक अमेरिकन चित्रपट त्याआधी तेरा वर्षे, म्हणजे १९७९ साली प्रदर्शित झाला होता. त्याचे नाव ‘ब्रेकिंग अवे’. सायकल शर्यतीच्या परिभाषेत या शब्दांचा अर्थ घोळक्यातून सुटून एकट्याने पुढे निघून जाणे असा होतो. पीटर येट्स यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाच्या पटकथेसाठी स्टीव्ह टेसिक यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. ‘वास्तव आणि कलाकृती’ या विषयाचा विचार करताना मला हा चित्रपट विशेष उपयुक्त वाटतो. कारण त्यातील शर्यत खरी आहे, ती आजही दरवर्षी होते आणि म्हणून चित्रपटाने तिचे काय केले हे आपल्याला ताडून पाहता येते.

ही शर्यत इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन येथील परिसरात होते. तिला ‘लिटल फाइव्ह हंड्रेड’ म्हणतात. इंडियानापोलिस येथे मोटारींची पाचशे मैलांची प्रसिद्ध शर्यत होते. तिचे हे सायकलवरील धाकटे भावंड १९५१ साली विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाचे हाउडी विलकॉक्स यांनी सुरू केले. त्यांच्या वडिलांनी १९१९ साली ती मोटार शर्यत जिंकली होती. मोटार शर्यतीप्रमाणे येथेही ३३ संघ आणि २०० फेऱ्या. मात्र धावपट्टी पाव मैलाची असल्याने एकूण अंतर ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर भरते. शर्यतीचा हेतूही लक्षात ठेवा: नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारणे. तुमच्यापैकी बहुतेक जण दिवसभर काम करून रात्री हे पुस्तक उघडतात, म्हणून हा तपशील मी मुद्दाम नोंदवीत आहे. पुढे आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

आता सायकल पाहू. चित्रपटाचा नायक डेव्ह सरावासाठी इटालियन बनावटीची देखणी सायकल वापरतो, त्यामुळे अनेक प्रेक्षकांचा समज होतो की शर्यतही तशाच सायकलवर होत असावी. प्रत्यक्षात सर्व स्पर्धकांना एकसारखी, बिनगिअरची सायकल वापरावी लागते. हँडलला ब्रेक नसतो. पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. पायडल सपाट असते, पाय अडकवून ठेवणारा पट्टा त्याला नसतो. याचे कारण असे की ही शर्यत एकट्याची नाही. एका संघात चार स्वार असतात आणि ते आळीपाळीने एकच सायकल चालवतात. थकलेला स्वार वेगात येतो, धावत्या सायकलवरून उडी मारतो आणि बाजूने धावत आलेला सहकारी त्याच सायकलवर स्वतःला झोकून देतो. पुरुषांच्या शर्यतीत प्रत्येक संघाला किमान दहा वेळा असा बदल करावा लागतो. जळक्या कोळशाच्या खरीने आच्छादलेल्या धावपट्टीवर, तेहतीस संघांच्या गर्दीत हे करायचे असते. एका चुकलेल्या उडीत पन्नास फेऱ्यांची कमाई जाऊ शकते.

चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग नेमका येथेच वास्तवापासून दूर जातो. डेव्ह जखमी होऊन बाहेर येतो. त्याचे तिघे मित्र नाइलाजाने काही फेऱ्या मारतात, पण संघ मागे पडत जातो. तेव्हा डेव्ह रक्ताळलेल्या अवस्थेत पुन्हा सायकलवर बसतो आणि मित्रांना आपले पाय पायडलला चिकटपट्टीने बांधायला सांगतो. प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. मीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा टाळ्या वाजवल्या, हे कबूल करतो. पण जरा थांबून विचार करा. सपाट पायडलवर बांधलेले पाय म्हणजे यापुढे बदल नाही, उडी नाही आणि सहकाऱ्यांची गरजही नाही. ज्या क्षणी पाय बांधले गेले, त्या क्षणी चौघांची शर्यत संपली आणि एकाची सुरू झाली.

यावर कोणी आक्षेप घेईल की या दृश्याला आधार आहे. आहे, आणि तो चकित करणारा आहे. पटकथाकार टेसिक हे स्वतः १९६२ साली या शर्यतीत ‘फाय कॅपा साय’ या संघाचे राखीव स्वार होते. त्या वर्षी त्यांच्या संघातील डेव्ह ब्लेझ याने २०० पैकी १३९ फेऱ्या एकट्याने मारल्या, अंतिम रेषाही त्यानेच ओलांडली आणि संघ जिंकला. इटालियन भाषेचे आणि गाण्यांचे नायकाचे वेडही ब्लेझचेच. चित्रपटात शर्यतीचे धावते वर्णन करणाऱ्या निवेदकाची छोटी भूमिका त्यांनी केली आहे. म्हणजे जे अतिरंजित वाटते त्याच्या मुळाशी सत्य आहे. परंतु उरलेल्या ६१ फेऱ्या कोणी तरी मारल्याच होत्या. ब्लेझने विश्रांती घेतली तेव्हा आघाडी टिकवणारे पाय दुसऱ्यांचे होते, आणि ते पाय चित्रपटात जवळजवळ निरुपयोगी ठरवले गेले आहेत. डेव्हचे मित्र चित्रपटभर इतके जिवंत, विनोदी आणि हळवे रंगवले आहेत की शर्यतीत त्यांचे असे कच्चे लिंबू व्हावे, हे मला पटकथेतील सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

दुसरा बदल याहून मोठा आहे. मात्र त्याच्या बाजूने मी उभा राहीन. चित्रपटातील चौघे विद्यापीठाचे विद्यार्थी नाहीत. ते गावातील पाथरवटांची मुले आहेत. ब्लूमिंग्टनच्या आसपास चुनखडीच्या दगडाच्या मोठ्या खाणी आहेत. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीला लागलेला दगड त्याच भागातून गेला. विद्यापीठाच्या भव्य वास्तूही याच दगडाच्या. विद्यार्थी या मुलांना हिणवून ‘कटर्स’ म्हणतात आणि अखेर विद्यापीठाचे अध्यक्ष त्यांना शर्यतीत उतरण्याची परवानगी देतात. अध्यक्षांची ही भूमिका तेव्हाचे खरे अध्यक्ष जॉन रायन यांनीच केली. खऱ्या अध्यक्षाने पडद्यावर दिलेली ही परवानगी प्रत्यक्षातील नियमांत बसणारी नव्हती. शर्यत केवळ विद्यापीठाच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांसाठी असते. गावातील पाथरवटाच्या मुलाला तेथे प्रवेश होता तो फक्त तिकीट काढून, प्रेक्षागारात.

आणि १९६२ साली जिंकलेला खरा संघ? तो विद्यार्थ्यांच्या एका निवासी मंडळाचा, म्हणजे चित्रपटात ज्यांना खलनायकाच्या बाजूला उभे केले आहे त्या प्रकारच्या मंडळींचाच होता. टेसिक यांनी स्वतःचा विजय उचलून गावातील मुलांच्या हाती दिला. असे त्यांनी का केले असावे, याचा तर्क करता येतो. ते युगोस्लाव्हियात जन्मले आणि चौदाव्या वर्षी अमेरिकेत आले. परक्या दारात उभे राहून आतले दिवे पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. त्यांनी सायकलपटूवर आणि गावातील मुलांवर अशा दोन वेगळ्या पटकथा लिहिल्या होत्या. त्या एकत्र करण्याची सूचना येट्स यांची. हा जोड दिला नसता तर एका गुणी खेळाडूची सुबक कथा तेवढी उरली असती. जोडामुळे शिष्यवृत्तीसाठी भरणाऱ्या शर्यतीतील विसंगती उघडी पडली: ही शर्यत कष्ट करून शिकणाऱ्यांसाठी निधी उभारते, पण ज्यांच्या कष्टातून विद्यापीठाच्या भिंती उभ्या राहिल्या त्यांची मुले तिच्या बाहेरच राहतात. डेव्हचे वडील एका रात्री परिसरातून चालताना मुलाला सांगतात की या इमारतींचा दगड आम्ही घडवला. पण काम पूर्ण झाल्यावर त्या आपल्या आवाक्याबाहेरच्या वाटू लागल्या. शर्यतीच्या नियमपुस्तिकेतील कोणत्याही कलमापेक्षा हे खरे आहे. म्हणून प्रवेशाबाबत चित्रपटाने सांगितलेले असत्य मला मान्य आहे. पाय बांधण्याचे असत्य मात्र केवळ टाळ्यांसाठी सांगितलेले आहे, आणि ते मान्य नाही.

वास्तवाने मग चित्रपटाचे अनुकरणही केले. १९८४ साली कोणत्याही निवासी मंडळात नसलेल्या विद्यार्थ्यांनी ‘कटर्स’ याच नावाचा संघ काढला आणि पुढे तो शर्यतीतील अत्यंत यशस्वी संघांपैकी एक ठरला. २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे तो जिंकला. नाव गावकऱ्यांचे, स्वार मात्र विद्यार्थीच. चित्रपटात स्त्रिया फक्त प्रेक्षक आहेत आणि तेव्हाचे वास्तवही फारसे वेगळे नव्हते. त्यांच्यासाठी शंभर फेऱ्यांची स्वतंत्र सायकल शर्यत १९८८ साली सुरू झाली.

चित्रपट पुन्हा पाहिलात, किंवा प्रथमच पाहणार असाल, तर शर्यत संपल्यावर लगेच उठू नका. त्यानंतर एक छोटा प्रसंग आहे. डेव्ह विद्यापीठात नाव घालतो, परिसरात त्याला एक फ्रेंच विद्यार्थिनी भेटते आणि इटालियनचे वेड क्षणात मागे पडते. रस्त्यावर सायकलवरून जाणाऱ्या वडिलांना तो फ्रेंचमध्ये हाक मारतो आणि वडील दचकून मागे पाहतात. खऱ्या नियमांप्रमाणे डेव्हला त्या शर्यतीत भाग घेण्याचा अधिकार मिळतो तो या प्रसंगात.