उपवासापूर्वी गोळीची ओळख

पर्युषण जवळ आले की घरोघरी तपश्चर्येचे संकल्प होऊ लागतात. संकल्प करणाऱ्यांत मधुमेह असलेले ज्येष्ठही असतात. ‘उपवास आहे, मग गोळीचे काय?’ या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही. कारण मधुमेहाच्या साऱ्या गोळ्या एकाच रीतीने काम करीत नाहीत.

मेटफॉर्मिन ही बहुतेकांची पहिली गोळी. यकृतातून रक्तात येणारी साखर ती कमी करते. ती एकटीच घेतल्यास साखर धोकादायक उतरण्याची शक्यता अल्प असते. मात्र दीर्घकाळच्या सेवनाने ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारी कुटुंबांनी त्याची तपासणी अवश्य करावी.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांचा स्वभाव निराळा. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात, पोटात अन्न असो वा नसो. स्वस्त आणि गुणकारी खऱ्या. पण उपवासात दरदरून घाम, थरथर, भ्रम, प्रसंगी बेशुद्धी यांचा धोका त्यांच्यामुळेच अधिक संभवतो.

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांचे कार्य मुख्यतः जेवणानंतर साखर वाढली की होते. म्हणून एकट्या घेतल्यास हा धोका कमी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंड यांना त्या हितकारक आहेत; परंतु साखरेबरोबर पाणीही जाते, आणि दीर्घ उपवासात रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू शकतात. चौविहार उपवासात पाणीही वर्ज्य, तेव्हा येथे विशेष सावधगिरी हवी.

अडचण अशी की यांतील दोन-तीन औषधे पुष्कळदा एकाच गोळीत असतात. बिलातील प्रत्येक ओळ तपासणारे आपण, गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक अक्षरे मात्र वाचीत नाही. ती वाचावीत, आणि संकल्पापूर्वीच पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे. कोणती गोळी थांबवावी, कोणती कमी करावी, हे त्यांनीच ठरवावे. स्वतःच्या मनाने नव्हे.

एवढे करूनही साखर ७० मिलिग्रॅमखाली गेली, तर तत्काळ तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. अशा वेळी संकोच नको. पच्चक्खाणातही समाधीसाठी आगार ठेवलेला आहे, हे घरातील ज्येष्ठांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे.