‘किरकोळ’ म्हणजे नक्की किती रुपये?

तुमच्या फ्लॅटवर बाथरूमचा नळ गळतोय का? आत्ता बघू नका. रात्री सगळे झोपले, पंखा बंद झाला, की कान देऊन ऐका. टप... टप... असा आवाज आला तर पुढचं वाचा. नाही आला तरी वाचा. कारण अकरा महिन्यांचा करार तुम्हीही केला असेल, आणि माझ्यासारखाच न वाचता सही ठोकून दिली असेल.

आम्ही चौघी पुण्यात कर्वेनगरमध्ये एका टू बीएचकेमध्ये राहतो. भाडं २२,०००, डिपॉझिट ६०,०००. म्हणजे डोक्यावर महिन्याला ५,५०० आणि डिपॉझिटचे १५,०००. बिल्डिंग नव्वदच्या दशकातली आहे आणि आमच्या बाथरूममध्ये चक्क टब आहे. त्या काळी कुणाला तरी हौस असणार. ब्रोकरने टबचा फोटो पाठवला तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसते हार्ट पडले होते. राहायला आल्यावर कळलं, की सोसायटीत पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास. त्यात टब कोण भरणार? आमच्या टबात दोन बादल्या, एक प्लॅस्टिकचं स्टूल आणि भिजवलेले कपडे असतात.

टबच्या वर भिंतीत तीन नॉब आहेत. एक गरम पाण्याचा, एक गार पाण्याचा आणि मधला पाणी खालच्या नळात सोडायचं की वर शॉवरमध्ये, ते ठरवणारा. या मधल्याला डायव्हर्टर म्हणतात, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. ते कळायला १६,००० रुपये खर्च झाले.

झालं असं. जूनमध्ये राहायला आलो, जुलैत नळ ठिबकायला लागला. प्लंबरने ३५० रुपये घेतले, वॉशर बदलला. पंधरा दिवस बरे गेले. परत टपटप. परत ३५०. ऑगस्टमध्ये मी मालकीणकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, करून घ्या ना तुम्ही, बघू नंतर.” तिसऱ्यांदा ३५०. मग आम्ही नाद सोडला. नळाखाली बादली लावली. सकाळपर्यंत अर्धी भरायची, तेच पाणी फरशी पुसायला घ्यायचो. पाणी वाचवतोय म्हणून वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं.

बादलीत पडत होतं ते आम्हाला दिसत होतं. भिंतीच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. डिसेंबरमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजी दारात आल्या. म्हणाल्या, “पोरींनो, जरा खाली येऊन बघा.” खाली गेलो. त्यांच्या बेडरूमच्या छतावर ताटाएवढा पिवळा डाग होता, रंगाचे पोपडे निघाले होते आणि आजींनी आपला पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणला होता. ऐंशीच्या घरातल्या बाईने पलंग एकटीने कसा ओढला असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नवीन प्लंबर आणला. त्याने नॉब काढून टॉर्च मारला आणि सांगितलं, “ताई, बॉडीच गेलीये. वॉशर कितीही बदला.” तेव्हा त्याने मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण हेच माहीत नसल्यामुळे आम्ही तीनदा ३५० रुपये घालवले. भिंतीत बसवलेल्या नळाचे दोन भाग असतात. बाहेर दिसतो तो नॉब आणि त्यामागचा स्पिंडल-वॉशर. हा भाग पान्याने निघतो, स्वस्तात बदलतो. दुसरा भाग म्हणजे भिंतीच्या आतली पितळी बॉडी, जिला पाइप जोडलेले असतात. आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी कमी पडलं, की बोअरचं चढवतात. त्या जड पाण्याचे क्षार वॉशर जिथे टेकतो त्या सीटवर बसतात. सीट खडबडीत झाली, की नवा वॉशरही कापला जातो. सीट बॉडीचाच भाग. आणि बॉडी बदलायची तर टाइल्स फोडाव्या लागतात. इतक्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत, तशा टाइल्सही मिळत नाहीत.

बिल असं झालं. नवीन डायव्हर्टर बॉडीसकट ५,२००. प्लंबरची मजुरी २,५००. पाइपचे तुकडे, एल्बो वगैरे ६००. फोडणं आणि परत टाइल्स बसवणं, म्हणजे गवंडी, २,२००. जुन्याशी न जुळणाऱ्या टाइल्सचा बॉक्स १,४००. सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचं केमिकल ९००. राडारोडा खाली नेऊन टाकायचे ३००. बेरीज १३,१००. त्यात आजींच्या छताचं लांबी आणि रंगकाम २,९००. एकूण १६,०००. बघा, नळ फक्त ५,२०० चा आहे. त्याच्या दीडपट पैसे त्याच्यापर्यंत पोहोचायला आणि परत झाकायला लागले. प्लंबर म्हणाला, “फोडतोच आहे तर टब पण काढू का?” त्याचे वेगळे १२,०००. काकूंनी फोनवरच नाही सांगितलं. टब अजून आहे.

आता मूळ प्रश्न. हे १६,००० कोणाचे?

काकू म्हणाल्या, “वापरता तुम्ही, बिघडवलं तुम्ही. डिपॉझिटमधून कापते.” मी तावातावाने करार काढला. पान तीन, मुद्दा अकरा : ‘किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने स्वखर्चाने करावी.’ बस. किरकोळ म्हणजे किती, ते कुठेच नाही. काकूंच्या मते नळ म्हणजे किरकोळ. आमच्या मते भिंत फोडावी लागते ते किरकोळ नाही. दोन्ही बाजूंनी एकच ओळ वाचून दोन अर्थ काढले, आणि पैसे कोणाकडे होते? त्यांच्याकडे. आपलं डिपॉझिट आधीच मालकाच्या खात्यात असतं. त्यामुळे करारातल्या प्रत्येक धूसर शब्दाचा अर्थ लावायचा अधिकार आपोआप त्यांच्याकडे जातो. माझं म्हणणं इथेच आहे. बहुतेक वेळा मालक वाईट नसतात आणि आपणही वाईट नसतो. धूसर असतो तो शब्द, आणि त्याची किंमत विद्यार्थी भरतो.

कायदा काय म्हणतो, ते मी शोधलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम १४ म्हणतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्यायोग्य ठेवणं ही मालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाचून मी उडीच मारली. मग लक्षात आलं, की तिथे शब्द आहे ‘भाडेकरू’. आपण सही करतो ती लिव्ह अँड लायसन्सवर. त्यात आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो. म्हणून कलम १४ च्या भरवशावर भाडं कापायला जाऊ नका. आपल्यासाठी करारात काय लिहिलंय, तेच महत्त्वाचं.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, आपला व्यवहार १९९९ च्याच कायद्याखाली चालतो. पण त्यात एक चांगली गोष्ट आहे. कोणती दुरुस्ती कोणाची, याची सरळ यादीच दिली आहे. भिंतींचा रंग, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि नळाचे वॉशर, तुंबलेलं ड्रेनेज, गीझर, स्विच आणि सॉकेट हे भाडेकरूकडे. एवढंच काय, ‘बाथटबची दुरुस्ती’ही भाडेकरूच्याच यादीत आहे! राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असंही त्यात आहे. आमच्या हिशेबाने ते ४४,००० झालं असतं.

पण गंमत बघा. यादी असूनही आमचा डायव्हर्टर मधेच लटकतो. तो नळ म्हणायचा की पाइप? नॉब बाहेर आहे, म्हणजे नळ. बॉडी भिंतीत आहे, म्हणजे पाइप. म्हणून मला वाटतं, वस्तूंच्या यादीपेक्षा रुपयांची रेघ जास्त कामाची. नळ असो, पाइप असो, एका वेळी अमुक रकमेपर्यंतचा खर्च राहणाऱ्याचा, त्यावरचा मालकाचा. रकमेवर भांडण होऊ शकत नाही, बिल असतं.

इथे तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, की मालकांचीही बाजू आहे. आहेच. काकू नाशिकला मुलाकडे राहतात आणि हे भाडं हीच त्यांची कमाई आहे. १६,००० त्यांनाही लागतात. आधीच्या मुलांनी त्यांच्या किचनची वाट लावली होती, हेही खरं. पण वीस-तीस वर्षं भिंतीत असलेली बॉडी झिजली, तर ती आम्ही सहा महिन्यांत झिजवली नाही. वस्तू जुनी होण्याचा खर्च वस्तू ज्याची त्याचा. घर विकताना नवा डायव्हर्टर काही आम्ही बॅगेत घालून नेणार नाही.

पण आता आमची बाजूही बघू, कारण ती सगळी चकचकीत नाही. ऑगस्टनंतर चार महिने आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. का? खरं उत्तर : आपलं थोडीच घर आहे. हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकीच्या डोक्यात होतं. ऑगस्टचा तो फोन सोडला तर एक मेसेज नाही, एक फोटो नाही. काकू म्हणाल्या, “मला कुठे सांगितलंत एवढं?” आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. जर्नलिझम शिकते मी. पुरावा ठेवा, हे पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. आणि आमच्या करारात मालक आहे, लायसन्सी आहे, खालच्या आजी कुठेच नाहीत. पलंग मात्र त्यांना ओढावा लागला.

शेवटी तडजोड झाली. काकूंनी १०,००० दिले, आम्ही ६,०००. डोक्यावर १,५००. त्या ६,००० पैकी आजींच्या छताच्या २,९०० बद्दल माझी काही तक्रार नाही. ते आमच्या आळसाचं बिल होतं. उरलेल्या ३,१०० बद्दल आहे. आमच्यातली एक स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या घरून सोयाबीन विकलं, की पैसे येतात. १,५०० म्हणजे तिची पंधरा दिवसांची मेस. तिने न बोलता दिले आणि त्या महिन्यात रात्रीचं जेवण म्हणून बऱ्याचदा पोहे खाल्ले. ‘किरकोळ’ हा शब्द कुणासाठी किती मोठा असतो, ते करार टाइप करणाऱ्याला कळत नाही.

म्हणून नवीन वर्षाच्या रूम शोधायच्या आधी चार गोष्टी करा. एक, करार रजिस्टर होतोय ना ते बघा. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नाही केला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही नोंदणी ऑनलाइनही होते, त्यामुळे ‘वेळ नाही’ हे कारण चालत नाही. दोन, सही करायच्या आधी ‘किरकोळ’ शब्दापुढे आकडा लिहून घ्या. अवघडल्यासारखं होतं, तरी बोला. ६०,००० देताना अवघडत नाही ना आपण? तीन, सामान लावायच्या आधी सगळे नळ सोडून, फ्लश ओढून, भिंतींवरची ओल दाखवून व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. चार, काही बिघडलं की फोन करा, पण फोननंतर मेसेजही टाका. आणि वॉशर बदलूनही महिन्याभरात परत गळलं, तर तिसरा वॉशर टाकू नका. आत काय झालंय ते बघायला सांगा.

मे महिन्यात आमचा करार संपला. नवीन करताना मी काकूंना म्हटलं, एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती आमची, त्यावरची तुमची, असं लिहू. मला वाटलं, चिडतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “चालेल. पण माझंही एक लिही. गळती दिसली की दोन दिवसांत मला लेखी कळवायचं. नाही कळवलं, तर पुढचं नुकसान तुमचं.” मी लिहिलं. बरोबरच होतं ते.

गेल्या आठवड्यात किचनचा नळ गळायला लागला. वॉशर, ३५० रुपये, आमचे. काकूंना फोटोसकट मेसेज पाठवला. आणि खाली जाऊन आजींना विचारून आले, छत कोरडं आहे ना.