चिनी शिकायची, तर मराठीतून

उन्हाळी सुट्टीत शाळेने चिनी भाषेचा छंदवर्ग काढावा, अशी काही पालकांची मागणी आहे. त्यावर एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "आधी मुलांना मराठी धड येऊ द्या, मग चिनीचं बघू." (इंदुरात 'चीनी' म्हटले की निम्म्या लोकांना किराणाच आठवतो, ते सोडा.) आम्हांस दोन्ही बाजू पटतात. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की वर्ग जरूर काढा, पण तो इंग्रजीतून नको, मराठीतून चालवा.

यात भाषाभिमान कमी आणि सोय जास्त आहे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची 'पिनयिन' पद्धत चीनने १९५८ साली स्वीकारली. तीत 'बी' लिहितात, पण उच्चार आपल्या 'प'च्या जवळचा. 'पी' लिहितात, तो 'फ'. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. इंग्रजीच्या सवयीने वाचणारे मूल पहिल्याच दिवशी फसते. आपण बीजिंग म्हणतो ते नाव तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकले, तर 'पेइचिंग' असे ऐकू येईल. क आणि ख यांतला फरक आपली मुले बालवर्गातच शिकलेली असतात. शिवाय मराठीत 'च' दोन आहेत. 'चिंच' हा शब्द सावकाश म्हणून पाहा, पहिला च वेगळा आणि दुसरा वेगळा. चिनीतही हे दोन 'च' निराळे आहेत. 'फ' मात्र ओठ मिटून म्हणायला हवा. 'फळ' म्हणताना इंग्रजी 'एफ' काढणाऱ्या आमच्या मुलांना, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही, तिथे मेहनत आहे.

सुरांचे काम अवघड. उंच, सपाट सुरात 'मा' म्हणजे आई. खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा. झटक्याने उतरणाऱ्या सुरात रागावणे. लिपी त्याहून अवघड. तिथे देवनागरीचा उपयोग नाही, घोटूनच काढावे लागेल.

पण माणसांशी बोलायची वेळ आली की मराठी मूल पुन्हा घरी येते. इंग्रजीत एका 'अंकल'मध्ये सगळे कोंबलेले. चिनीत वडिलांचे थोरले भाऊ 'पोपो', धाकटे 'षूषू', आईचे भाऊ 'च्योच्यो', वडिलांची बहीण 'कूकू'. मामाला काका म्हटलेले तिथेही चालत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी गृहस्थांनाही मुले 'षूषू' म्हणतात, जसे आपण रिक्षावाल्यांना काका म्हणतो. 'तू'साठी 'नी' आणि वडीलधाऱ्यांसाठी 'निन'. आडनाव आधी आणि त्यामागे 'शिक्षक' हा शब्द, म्हणजे आपले 'जोशी सर'च. निघालेल्या पाहुण्याला म्हणतात 'मान चौ', म्हणजे अक्षरशः 'सावकाश जा'. आभार मानले की उत्तर येते 'पू खछी', म्हणजे पाहुण्यासारखे वागू नका. घरच्या माणसांचे उठसूट आभार मानले तर त्यांनाही ते परकेपणाचे वाटते. आमच्या आजीला नातवाचे 'थँक यू' वाटे, तसेच.

सारखेपणाच्या भरात फसायलाही होते. लग्नाच्या आहेरात आपण १०० वर १ रुपया ठेवतो, तो शुभ. चीनमध्ये लग्नात सम आकडा आणि लाल पाकीट. पांढरे पाकीट आणि विषम आकडा दुःखाच्या प्रसंगाचा. आपले १०१ चे पांढरे पाकीट तिथल्या मांडवात काय अर्थ सांगेल, याची कल्पना करावी! घड्याळ भेट द्यायचे नाही, कारण 'घड्याळ देणे' आणि 'आईवडिलांना अखेरचा निरोप देणे' यांचा उच्चार एकच. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांची आठवण होते. पिंडाच्या भाताची खूण जाणणाऱ्या घरात हे एकदा सांगितले की पुरते.

उपयोग काय, असे विचारणारे विचारतीलच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची नावे दिली आहेत, त्यांत चिनी नाही. तेव्हा गुणांची आशा ठेवू नये. सीमेवरचे प्रसंगही आम्ही विसरलेलो नाही. पण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा त्यांना तरी चिनी कुठे येत होती? तिथे राहून शिकले, तिथेच संसार केला, १९४२ साली तिथेच वारले. मुलाचे नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

विश्वस्तांना आमची सूचना एवढीच. पहिले दोन महिने रोमन अक्षर फळ्यावर येऊ नये. मुलांनी ऐकावे, म्हणावे आणि देवनागरीत टिपून घ्यावे, सुराची खूण अक्षरावर करावी. चिनी आणि मराठी दोन्ही येणारे शिक्षक इंदुरात मिळणे कठीण आहे. न मिळाल्यास चिनी येणाऱ्या शिक्षकाशेजारी आपल्या मराठीच्या बाईंना बसवावे. त्या तयार आहेत, आम्ही विचारले आहे.