कुकडीच्या कांठीं एक दिवस

सुट्या लागल्या आणि परगांवची मंडळी घरीं जमली, कीं ‘एखाद्या दिवशीं सर्वांनीं मिळून देवदर्शनास जाऊं’ असा बेत निघाल्यावांचून राहत नाहीं. कोंकणांतील देवस्थानें पुण्याहून एका दिवसांत होणें कठीण; म्हणून जुन्नरची वाट सोईची वाटते. अंतर सुमारें ९५ किलोमीटर. मोटार ठरते, माणसें मोजलीं जातात, आणि मग यादी वाढूं लागते : लेण्याद्रि, ओझर, ओतूरचा कपर्दिकेश्वर, शिवनेरीवरील शिवाई, आणि ‘इतके जातोंच आहों तर’ भीमाशंकरहि! ह्या महिन्यांत ह्या वाढत्या यादीविषयींच चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमचें सांगणें एवढेंच कीं, यात्रेचा बेत देवळांच्या संख्येवरून करूं नये. घरांतील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलावरून करावा. सहा देवळें ‘झालीं’, पण आजेसासूबाई दिवसभर मोटारींतच बसून राहिल्या, तर ती यात्रा कुटुंबाची झाली असें कसें म्हणावें?

जुन्नर तालुक्यांत असा बेत आखण्यास कुकडी नदीची मोठी मदत होते. पूर गांवीं कुकडेश्वराजवळ तिचा उगम मानितात. पुढें लेण्याद्रीच्या पायथ्यानजीकच्या खोऱ्यांतून ती वाहते आणि ओझरास विघ्नेश्वराच्या पायांशीं येते. एक नदी आणि तीन देव, एवढें एका दिवसास पुरेसें आहे. नदीच्या क्रमानें उगमापासून निघणें मनास गोड वाटतें खरें. परंतु चढण उन्हाच्या आधीं व्हावी म्हणून पहिला मान लेण्याद्रीस द्यावा.

पहाटे पांचास पुणें सोडिलें तर आठाच्या सुमारास तेथें पोंचतां येतें. सुमारें तीनशें पायऱ्या आहेत. अष्टविनायकांपैकीं डोंगरांतील लेण्यांत असलेला गणपति हाच. गिरिजात्मज ज्या दालनांत आहे तें एवढें मोठें असून त्यास मधें एकहि खांब नाहीं. तिन्ही बाजूंस लहान लहान खोल्या कोरलेल्या आहेत. ह्या खोल्या कोणाच्या, असें मुलें विचारतीलच. हा मुळांत बौद्ध भिक्षूंचा विहार होता, आणि येथील लेणीं इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील आहेत, हें त्यांस सरळ सांगावें. त्यानें आपल्या भक्तीस उणेपणा येत नाहीं. शेजारच्या चैत्यगृहांत तें दान देणाऱ्या कल्याणच्या सुलसदत्ताचें नांव कोरलेलें आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरील माल नाणेघाट चढून जुन्नरास येई, आणि त्या व्यापाराच्या पैशांतून असे डोंगर कोरले गेले. मुलांना घाटांतला जकातीचा रांजण ठाऊक असतो. त्या रांजणाचा आणि ह्या लेण्यांचा संबंध येथें उभें राहून सांगितला म्हणजे तो त्यांच्या ध्यानांत राहतो.

पायथ्याशीं कोण थांबणार, हा प्रश्न मात्र आदल्या रात्रींच सोडवावा. वृद्धांसाठीं डोली मिळते; तिचें भाडें आधीं ठरवून घ्यावें आणि म्हातारीं माणसें ‘माझ्यासाठीं कशाला खर्च’ म्हणालीं तरी ऐकूं नये. पण पुष्कळ घरांत असें दिसतें कीं, आजी डोलींतून वर जातात, पुरुषमंडळी चढून जाते, आणि झोंपलेलें तान्हें मांडीवर घेऊन धाकटी सून खालीं बसते. सर्वांचा डबा करण्यासाठीं तीन वाजतां उठलेली तीच असते. ती वर जाऊन आली कीं नाहीं, हें परत निघेपर्यंत कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. आणि ती स्वतः तर बोलत नाहीं. ह्यास उपाय अगदीं सोपा आहे. दोन तुकड्या कराव्या. पहिली उतरून आली म्हणजे तिच्यांतील कोणीं तरी, शक्यतों मुलाच्या वडिलांनींच, मूल घ्यावें आणि दुसरीनें वर जावें. ह्यांत तास-दीड तास अधिक जातो. यादींतील एक देऊळ गळतें. गळूं द्यावें.

दुपारीं जुन्नरावरून पश्चिमेस कुकडेश्वराकडे जावें. वाटेंत माणिकडोह धरणाचा जलाशय दिसतो. कुकडेश्वराचें जुनें पाषाणी मंदिर शिल्पांनीं भरलेलें आहे. येथें पायऱ्यांचा त्रास नाहीं आणि अष्टविनायकांची गर्दीहि नसते. जेवण ह्याच बाजूस सांवली पाहून करावें. आदल्या दिवशीं केलेल्या दशम्या, चटणी व गुळांबा एवढें पुरे; वाढण्याचें काम त्या दिवशीं मुलांकडे द्यावें आणि पत्रावळी गोळा करून परत न्याव्या.

परततांना ओझर. तें नारायणगांवापासून जवळ असल्यानें पुण्याच्या वाटेवरच पडतें. १७३९ मध्यें वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनीं येथील शिखर सोन्यानें मढविलें असें सांगतात. विस्तीर्ण आवार, दीपमाळा आणि येडगांव धरणामुळें भरून राहिलेलें कुकडीचें पाणी ह्यांमुळें संध्याकाळ येथें फार प्रसन्न जाते. लेण्याद्रीस देव डोंगराच्या पोटांत असल्यानें प्रदक्षिणा घालतां येत नाहीं. ती येथें आजीचा हात धरून सावकाश घालावी.

राहतां राहिला भीमाशंकर. मंचर-घोडेगांवावरून आंबेगांव तालुक्यांतून तिकडे जातां येतें, पण तो ह्याच दिवसांत कोंबूं नये. लेण्याद्रीस आधीं चढ आणि मग उतार. भीमाशंकरास दोनशेंहून अधिक पायऱ्या आधीं उतरावयाच्या आणि थकल्यावर चढावयाच्या. त्यासाठीं वेगळा दिवस काढावा, दर्शन चालूं असल्याची चौकशी करावी, आणि मुसळधार पावसांत जाऊं नये. ह्याच तालुक्यांतील माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं डोंगर कोसळून दीडशेंच्या वर माणसें गेलीं. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें जुनें गांवहि आज डिंभें धरणाच्या पाण्याखालीं आहे. त्या वाटेनें जातांना ह्या गोष्टी मुलांच्या कानांवर घालाव्या.

आणि ज्यांना एकहि पायरी चढवत नाहीं, त्यांनीं खंत करूं नये. ओझरास कुकडीच्या पाण्यास हात लावावा. ही कुकडी घोड नदीस मिळते, घोड भीमेस मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वाहते. घाटावर बसल्याबसल्याहि पंढरीच्या वाटेवरचें पाणी हातीं लागतें.