बिलात न दिसणारी वीज

१९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर गेली. तोवरचा तो उच्चांक. ही वीज कोणत्या घरांत, कशासाठी खर्ची पडली, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वितरण कंपन्यांकडे बिले आहेत, पण बिल मीटरचे असते, घराचे नव्हे. दिल्लीतल्या मुनीरका वा लक्ष्मीनगरात एका मीटरवर अनेक भाडेकरू राहतात आणि घरमालक सबमीटर पाहून आपल्या दराने पैसे घेतो. ऑगस्ट २०१९ पासून दिल्लीत २०० युनिटपर्यंत वीज मोफत झाली. त्यानंतर एका घरात दोन मीटर घेण्याचा मोह होणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. गुरुग्राम-नोएडाच्या सोसायट्यांत जनरेटरच्या विजेचा हिशेब निराळाच.

म्हणून घरोघर जाऊन विचारावे लागते. दिल्लीच्याच ‘सीईईडब्ल्यू’ या संस्थेने २०१९-२० मध्ये २१ राज्यांतील सुमारे १५ हजार घरांची पाहणी केली. ८५ टक्के घरांत गॅसजोडणी होती, पण मुख्य इंधन म्हणून गॅस वापरणारी घरे ७१ टक्केच. सरकारी गॅस योजनेच्या जाहिरातीत पहिला आकडा येतो. चुलीचा धूर कळतो तो दुसऱ्या आकड्यातून. मात्र ही पाहणी नोव्हेंबर ते मार्चमधली. थंडीत विचारलेल्या प्रश्नाला उन्हाळ्यातल्या एसीचे उत्तर आठवणीतून मिळते आणि आठवण बिलापेक्षा नेहमी काटकसरी असते.

मोजणी करावी, तर तीही सोपी नाही. २०१३ मध्ये दिल्लीच्या ‘ट्रिपल आयटी’च्या संशोधकांनी एका तीनमजली घरात ७३ दिवस मीटर आणि सेन्सर लावले. वीज जाणे आणि व्होल्टेज खालीवर होणे, हीच तिथली मोठी नोंद ठरली. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेनेही महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील घरांत मीटर बसवून असाच अभ्यास केला. काम चोख, पण ही घरे मूठभर.

सरकारचे काय? २०११च्या जनगणनेच्या घरयादीत ऊर्जेबाबत दिवा कशावर लागतो आणि स्वयंपाक कशावर होतो, एवढे विचारले गेले. एसी, कूलर, गीझर नाही. अमेरिकेत घरगुती ऊर्जेची सरकारी पाहणी १९७८ पासून ठरावीक वर्षांनी होते. आपल्याकडे हे ओझे स्वयंसेवी संस्थांनी वाहावे आणि त्यांच्या प्रगणकाला उंच सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने अडवावे, असा मामला आहे. परिणामी सर्वाधिक वीज वापरणारी घरेच नोंदीतून सुटण्याचा धोका राहतो.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने हे काम स्वतःकडे घ्यावे. सुरुवात दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या कारभारात विभागलेल्या राजधानी क्षेत्रापासून व्हावी. पाहणी मे-जूनमध्ये आणि पुन्हा जानेवारीत व्हावी, भाडेकरूला घरमालकापासून वेगळे विचारावे आणि नावे गाळून आकडे सर्वांसाठी खुले करावेत. विजेचे अनुदान कोणाला द्यायचे, याचा वाद त्यानंतर घालावा.