संगणकासाठीही इन्व्हर्टरची लाइन हवी

घराचं वायरिंग होताना इन्व्हर्टरची लाइन सहसा दिवे-पंख्यांपुरतीच ओढली जाते. आता घरातूनच नोकरी आणि अभ्यास चालतो, तेव्हा संगणक आणि राउटरचे सॉकेटही त्याच लाइनवर हवेत, आणि तेही भिंती बंद होण्याआधी. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात, हाती साधारण १,२०० धरावेत. डेस्कटॉप, मॉनिटर, राउटर मिळून १६० वॉट घेतले, तर सात तास निघतात. त्याच लाइनवर चुकून इस्त्री लागली, तर इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन सगळंच बंद.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण राउटर बंद पडला की तो लॅपटॉप मीटिंगच्या कामाचा राहत नाही. टेबलाखालचा छोटा यूपीएस फाइल सेव्ह करण्यापुरती काही मिनिटं देतो. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी तासन्‌तास वीज जाते, तिथे तो काय पुरणार? खर्चाचा आक्षेप खरा आहे, मात्र नंतर भिंत फोडणं त्याहून महाग पडतं.

वायरमनकडून दोन गोष्टी करून घ्याव्यात. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल वेगळी ठेवावी. ती इतर सर्किटमध्ये मिसळली की आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच विनाकारण ट्रिप होतो. आणि इन्व्हर्टरवरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असावं, नाहीतर वीज जाताच संगणक रीस्टार्ट होऊ शकतो.